सिस्टर, तुम्हीच सांगा : आभाराची वही, रात्रपाळी आणि पूर

मागच्या अंकात मी ‘जेवताना फक्त जेवा’ असं थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं माइंडफुलनेस (आत्ता जे चाललंय त्यावर लक्ष ठेवणं) आणि कृतज्ञता याच दोन गोष्टींवर आहेत. मोबाईलवर व्हिडिओ बघून लोक उत्साहाने सुरुवात करतात आणि मध्येच कुठेतरी अडतात, असं त्यावरून दिसतं. जिथे अडलंय तीच पत्रं या वेळी घेतली आहेत. नवीन वाचकांसाठी सांगते, मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. निवृत्तीनंतर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत बायकांचा एक गट चालवते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं काही असेल तर मी तुम्हाला डॉक्टरांकडेच पाठवणार.

“नमस्कार सिस्टर. मी रोज रात्री वहीत पाच गोष्टी लिहिते, ज्यांच्याबद्दल मला कृतज्ञ वाटतं. सुरुवातीला फार छान वाटलं. आता रोज तेच तेच येतं. घर, नवरा, मुलं, तब्येत, देव. लिहिताना आत काहीच हलत नाही. परवा झोप आली होती म्हणून कालचं पान बघून उतरवून काढलं. माझ्यातली भावनाच संपली का?” – सौ. म., कसबा बावडा

ताई, भावना संपली असती तर पान उतरवून काढल्याचं तुम्हाला खुपलं नसतं. रतीब जास्त झालाय, तो कमी करा.

या वह्यांच्या बाबतीत नेहमी ज्याचा दाखला देतात तो रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदाच लिहायला सांगितलं होतं, जास्तीत जास्त पाच गोष्टी, दहा आठवडे. एका गटाने आभाराच्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटीच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. आभार लिहिणाऱ्यांना आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं, अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारी कमी निघाल्या. पुढे मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी सहा आठवड्यांचा प्रयोग केला. त्यात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. तेव्हा रविवारी रात्री लिहा, बाकी दिवस वही कपाटात.

आणि ‘नवरा’, ‘तब्येत’ असे मथळे लिहू नका. काय घडलं ते लिहा. ‘बुधवारी आमटीला फोडणी दिली आणि गॅस संपला, यांनी न सांगता सिलिंडर बदलला, रेग्युलेटर बसला का ते वाकून वास घेऊन बघितलं.’ एवढं लिहिलं की तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘नवरा’ या शब्दासमोर कुणीच उभं राहत नाही.

आमच्या गटात एक प्रकार करतो. प्रत्येकीने स्वयंपाकघरातली एक वस्तू आणायची आणि ती कुणाकुणाच्या हातून आपल्यापर्यंत आली ते सांगायचं. मागे एकीने गुळाचा खडा आणला. तिचं माहेर कागल तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ. तिने सांगायला सुरुवात केली. ऊस तोडून मोळ्या बांधणारी माणसं, चरकात ऊस सारणारा, चुलवाणापुढे घामाघूम होऊन जळण घालत बसणारा, काहिलीतल्या रसावरची मळी वर यावी म्हणून घालतात तो भेंडीचा रस, ती मळी झाऱ्याने काढणारा. मग गुळव्या. उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो बोटांनी गोळी वळतो का बघतो आणि काहील कधी उतरवायची ते ठरवतो. त्याचा अंदाज चुकला की आख्खं आदण वाया. सांगताना तिला वडिलांची बोटं आठवली, पाकाने भाजून टणक झालेली, आणि ती थांबली. आमच्यापैकी प्रत्येकीच्या घरात तो गूळ रोज चहात पडतो, आणि एवढी माणसं त्यात आहेत हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

आणखी एक. लिहिलेलं सगळं वहीत कोंडून ठेवू नका. आठवड्यातलं एक वाक्य ज्याचं आहे त्याला ऐकवा. सिलिंडरसारखं काही लिहिलंत तर ते यजमानांना ऐकवा.

“सिस्टर, मी शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटर हाय. शिफ्ट दर आठवड्याला बदलती. व्हिडिओत बघून डोळे मिटून श्वासावर लक्ष द्यायला बसलो तर दोन मिनिटांत गाडीचा हप्ता, लग्नाचं बघणं, सुपरवायझरचं बोलणं, सगळं एकदम डोक्यात. उलटा जास्त तरास व्हायला लागला. मला हे जमणार न्हाई वाटतंय.” – प्र., उचगाव

बाळा, हप्त्याकडे मन गेलं हे तुला कळलं ना? शिकायचं ते तेवढंच आहे. मन जाणार, आपल्या लक्षात येणार, न चिडता परत आणायचं, ते पुन्हा जाणार. बसलेल्यांपैकी सगळ्यांचंच असं होतं, व्हिडिओतल्या माणसाचंसुद्धा. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,२५० माणसांना दिवसात अधूनमधून फोनवरून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. आणि जेव्हा ते भलतीकडे होतं तेव्हा माणसं कमी सुखी होती.

तू डोळे मिटून बसूच नकोस काही दिवस. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला डोळे मिटले की एकतर झोप येते नाहीतर साचलेलं सगळं वर येतं. तुझं काम असं आहे की लक्ष ठेवायला वेगळी जागा शोधायला नको. जॉब, म्हणजे तो धातूचा तुकडा, चकच्या पकडीत धरतोस तेव्हा त्याची कड बोटाला कशी लागते, गार आहे की कोमट, चक आवळताना शेवटचा जोर कुठे लागतो, दार सरकवल्याचा आवाज. मशीनची फेरी चालू केलीस की कान मशीनवर. कापायचं टूल झिजलं की आवाज बदलतो हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एक गोष्ट मात्र बजावून सांगते. मशीन चालू असताना श्वास मोजत बसायचं नाही. तिथे लक्ष मशीनवर आणि आपल्या हातांवर.

श्वासासाठी दुसरी जागा घे. शिफ्ट संपल्यावर हात धुतोस तेव्हा. कूलंटचा (मशीन गार ठेवायच्या पाण्याचा) तो चिकट वास, साबण बोटांच्या बेचक्यांत चोळणं, नखांतलं काळं निघेपर्यंत पाणी. तेवढा वेळ मोबाईल खिशात ठेव आणि हातच बघ. घरी जाताना तावडे हॉटेलजवळ गर्दीत गाडी अडकली की खांदे बघ, बहुतेक वर चढलेले असतील. खाली सोड, श्वास लांब सोड, पुढची गाडी हलली की निघ. पंधरवडा हे कर आणि मला परत लिही.

पण हप्ता श्वासाने फिटत नाही. सुट्टीच्या दिवशी कागद घे, पगार किती, हप्ता किती, घरात किती द्यायचे, अजून किती महिने, सगळं मांड. कागदावर उतरलेली काळजी डोक्यात त्याच त्याच फेऱ्या मारत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे तीननंतरचा चहा सोड, घरी खिडकीला जाड चादर लाव आणि आईला सांग की दुपारी दोनपर्यंत उठवायचं नाही. एवढं करूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल तर १४४१६ ला फोन कर. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री चालू असते, मराठीत बोलतात. त्यात लाजायचं काही नाही.

“मी शेतकरी माणूस, साठी उलटली. २०१९ च्या पुरात घराची एक बाजू पडली आणि दोन म्हशी गेल्या. आता घर पुन्हा बांधलंय, मुलगा कमावता आहे. पण पावसाळ्यात पंचगंगा ३९ फुटांवर गेल्याचं ऐकलं की छातीत धडधड सुरू होते, रात्रभर उठून बाहेर बघतो. मुलगा म्हणतो, जीव वाचला त्याचे रोज आभार मानत जा. कीर्तनातही तेच ऐकलं. मी हात जोडतो, पण डोळ्यांपुढे म्हशी येतात. मी कृतघ्न आहे का?” – एक वाचक, प्रयाग चिखली

दादा, नाही. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि त्यात मला कृतघ्नपणा कुठेच सापडला नाही. दोन जनावरांचं दुःख आहे, आणि त्याला अजून कुणी जागा दिलेली नाही.

त्या ऑगस्टमध्ये माझी ड्यूटी निवारा केंद्रावर होती. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, तिथे इशारा ३९ फुटांना असतो, धोका ४३ ला, आणि पाणी ५५ च्याही वर गेलं होतं. आंबेवाडी-चिखलीची माणसं नावेतून येत होती. दिवस-दिवस पाण्यात उभं राहून सगळ्यांच्या पायांना चिखल्या झालेल्या. मी एका वयस्कर माणसाच्या बोटांमधलं धुऊन औषध लावत होते आणि त्यांच्या हातात दावं होतं. नुसतं दावं, ओलं, दोन पदरी, मुठीत घट्ट. शेजारचं कुणीतरी म्हणालं, “मामा, जीव वाचला, देवाचे उपकार माना.” त्यांनी मान फिरवली. थोड्या वेळाने दुसरा एक शेतकरी येऊन जवळ बसला आणि त्याने एवढंच विचारलं, “कितव्या वेताची होती?” म्हणजे म्हैस कितव्यांदा व्यालेली. मामा म्हणाले, “तिसऱ्या.” मग बोलायला लागले. कुठल्या बाजारातून आणली, धार काढताना कशी पान्हा चोरायची, नातवाला कशी ओळखायची. दावं त्यांनी सोडलं नाही, पण दोन दिवसांनंतर पहिल्यांदा चहा घेतला.

तुम्हालाही अजून कुणी वेत विचारलेलं नाही असं दिसतं. मी विचारते. कितव्या वेताच्या होत्या, नावं काय होती? मुलालाही एकदा समोर बसवून हे सांगा. ‘आभार मान’ तो प्रेमाने म्हणतोय, तुमचं जागरण त्याला बघवत नाही. त्याला गप्प करू नका, पण सांगा की मला आधी म्हशींबद्दल बोलायचंय. आपल्याकडे जनावरांचे उपकार मानायची रीत आहे. बेंदराला बैलांची शिंगं रंगवतो, दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर आणतो. या पाडव्याला त्या दोघींच्या नावाने गोठ्यात निवद ठेवा. त्यांनी घर चालवलं, मुलाच्या शिक्षणाला त्यांचं दूध गेलं असेल. ज्या आभारांसाठी तुम्ही हात जोडताय आणि येत नाहीत म्हणता, ते कदाचित तिकडे सहज येतील. ‘जीव वाचला’ यासाठी आभार एकदम मोठे होतात, माणसाला पेलत नाहीत. होडी घेऊन आलेला तो जवान, तुमच्या पोटात ज्या घरची भाकरी गेली ते घर, पाणी उतरल्यावर चिखल उपसायला आलेली तालमीची पोरं, यांतलं कुणी आठवत असेल तर त्याच्यापासून सुरुवात करा. आठवलं नाही तरी चालेल. हे दुसऱ्याच्या सांगण्याने होत नाही आणि झालं नाही म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही.

आता धडधडीचं. ३९ फुटांना तुमचं अंग जागं होतं, कारण त्या आकड्यानंतर काय झालं हे त्याने बघितलंय. त्याला वेडेपणा समजू नका. धडधड सुरू झाली की पाय जमिनीवर सपाट टेका, तळव्याखाली फरशी गार आहे का बघा. मग नजर फिरवून जे दिसतंय त्याची नावं घ्या, मोठ्याने घेतली तरी चालेल. कंदील, घागर, खुंटी, चप्पल, नातवाचं दप्तर. श्वास आत घेतो त्यापेक्षा बाहेर जास्त वेळ सोडा. यामुळे पाणी कमी होणार नाही, पण अंगाला कळतं की आत्ता, या घडीला, घर कोरडं आहे.

पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी आणि संध्याकाळी. रात्री मोबाईल मुलाकडे. पाऊस लागायच्या आधीच घरच्यांना बसवून ठरवा की किती फुटांना जनावरं हलवायची, कुणाच्या गोठ्यात, ट्रॅक्टर कुणाचा. सातबारा, आधार, पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एका जागी. हे ठरलेलं असलं की रात्री उठून बाहेर बघायची गरज कमी होते, कारण कधी उठायचं ते आधीच ठरलेलं असतं. आणि इतकी वर्षं झाली तरी झोप उडते, पुराची स्वप्नं पडतात, त्यामुळे एकदा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊन या. मुलाला बरोबर न्या.

“घरात काही बोलले की सासूबाई म्हणतात, मिळालंय त्यात समाधान मान. मिस्टर भांडण झालं की कृतज्ञतेचे व्हिडिओ पाठवतात. मला बी.एड. पूर्ण करायचंय, एक वर्ष राहिलंय. माझंच चुकतंय का?” – एक वाचक, राजारामपुरी

बी.एड. पूर्ण करायचं म्हणण्यात काही चूक नाही गं. ज्याला तुझ्या गप्प बसण्याचा फायदा आहे त्याने तुझ्याकडे समाधान मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मिळाल्याबद्दल आभार आणि राहिलेल्याची मागणी, दोन्ही एका तोंडाने करता येतात. सासूबाई सकाळी तुझ्या मुलाला सांभाळत असतील तर त्याबद्दल मनापासून, नेमकं बोल. आणि त्याच बैठकीत सांग की कॉलेज अमुक तारखेला सुरू होतंय, फी इतकी आहे, सकाळी इतके तास मी घरी नसेन. व्हिडिओवर उत्तर व्हिडिओने देऊ नकोस. मिस्टरांना रंकाळा तलावावर घेऊन जा, चालता चालता माणसं घरातल्यापेक्षा बरी ऐकतात. घरात कुणी हात उचलत असेल आणि ते तू पत्रात लिहिलं नसशील, तर १८१ हा महिलांसाठीचा नंबर लक्षात ठेव.

“मी सेवानिवृत्त क्लार्क, वय ६७. विपश्यनेला जायचं फार मनात आहे. मधुमेह आहे, आणि दोन वर्षांपासून नैराश्याची गोळी चालू आहे. पत्नी घाबरते. जाऊ का? आणि ही विपश्यना आणि माइंडफुलनेस एकच का?” – वि., गडहिंग्लज

काका, नातं जवळचं आहे. विपश्यना म्हणजे बुद्धांची ध्यानपद्धती, ती ब्रह्मदेशात जपली गेली. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका ती तिथलेच गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले, १९६९ मध्ये भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात, दुखणं जात नाही अशा रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग काढला. त्यांनीही बौद्ध ध्यानातूनच घेतलं, फक्त धर्माचा भाग बाजूला ठेवला. आज माइंडफुलनेस म्हणून जे ऐकतो ते बरंचसं त्या वर्गातून आलेलं.

फरक पडतो तो किती कस लागतो त्यात. विपश्यनेत दहा दिवस मौन, फोन जमा, पहाटे चारला उठायचं, पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून खरी विपश्यना, म्हणजे अंगभर काय जाणवतं ते बघणं. आपल्या जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात आळतेला केंद्र आहे, फी घेत नाहीत. पण नव्या साधकाला दुपारनंतर जेवण नसतं, संध्याकाळी पाचला चहा आणि फळं. मधुमेहाच्या माणसाला हे आधी सांगून सोय लावून घ्यावी लागते. त्याहून महत्त्वाची ती गोळी. इतके तास मनाशी एकटं बसल्यावर नैराश्य असलेल्या काही जणांना त्रास वाढतो. म्हणून तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय फॉर्म भरू नका, आणि भराल तेव्हा दोन्ही आजार आणि सगळ्या औषधांची नावं लिहा, काहीही लपवू नका. शिबिरासाठी म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. केंद्राने या वेळी नको म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. काकूंबरोबर सकाळी चालायला जा, पहिला अर्धा रस्ता न बोलता, पायांकडे लक्ष देऊन, आणि परत येताना गप्पा. डॉक्टर काय म्हणाले ते पुढच्या पत्रात कळवा.